फिरायला नेलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना पितळी डबा आहे. तीन पुडांचा. माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणाला वाईट वाटायला नको. एकतीस वर्षं मी एका माणसाची भूक उचलून नेली आहे. एखाद्याची भूक रोज उचलली की त्याचं सगळं कळतं. कळू नये ते जरा जास्तच कळतं.

माझा जन्म बडोद्याच्या वाडी भागातल्या एका कंसाऱ्याकडे झाला. कंसारा म्हणजे आपला तांबट. त्याने मला ठोकून ठोकून असा गोल केला की तिन्ही पुडं एकावर एक बसली आणि वरून कडी लागली, की आतला वाससुद्धा बाहेर पडत नसे. विमल नावाची एक नवी नवरी मला घ्यायला आली. कंसारा तिला म्हणाला, "बेन, हा डबा तुमच्या नातवंडांना पुरेल." माल खपवायला माणसं काहीही बोलतात. पण हे एवढं मात्र खरं झालं.

विमलचा नवरा जनार्दन मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात लागला होता. सकाळी कंपनीची बस यायची. खालच्या पुडात भाजी, मधल्यात पोळ्या, वरच्यात भात आणि कडेला लोणच्याची फोड. दुपारी माझी कडी उघडली की शेजारच्या मशीनवरची माणसं सरकत सरकत जवळ यायची. "जनार्दनभाई, आजे शुं छे?" म्हणायची आणि उत्तराची वाट न बघता हात घालायची. माझं कौतुक व्हायचं, पण ते विमलच्या हाताचं होतं हे मला कळत होतं. जनार्दनला कळत नव्हतं. तो कौतुक स्वतःचं समजून मान डोलवायचा.

विमल दर दिवाळीला मला कल्हई करून आणायची. पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली की आत ठेवलेलं आंबट कळकतं, हे तिला कुणी सांगावं लागत नसे. जनार्दन निवृत्त झाला तेव्हा कारखान्याने त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि त्याने मला माळा दिला. काही वर्षांनी विमल गेली. मग कल्हई नाही, दिवाळी नाही, कुणी खाली उतरवणारं नाही. एका फुटक्या इस्त्रीशेजारी मी दहा वर्षं बसून होतो. तिच्याशी गप्पा काय मारणार? तिला एकच विषय ठाऊक होता.

पुढे तो रोग आला. तो मार्च महिना तुम्हाला आठवत असेल. सगळ्या माणसांनी घराला झाकणं लावून घेतली. मी माळ्यावरून बघत होतो आणि खरं सांगतो, मला थोडी मजा वाटली. म्हटलं, बघा आता, बंद करून ठेवलं की कसं वाटतं ते.

पण जनार्दनची गोष्ट जरा वेगळी होती. फेब्रुवारीतच त्याच्या छातीत नळी बसवली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, "रोज चाळीस मिनिटं चालायचं, मोकळ्या रस्त्यावर, एका दमात. नाही चाललात तर पुन्हा माझ्याकडेच याल." आणि महिन्याभरात रस्तेच बंद झाले. त्यांची सोसायटी सात बिऱ्हाडांची. फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत बावन्न पावलं, आणि तेवढ्यातही चार स्कूटर उभ्या. गच्चीला कुलूप. फाटकाला कुलूप. दोन्ही किल्ल्या सेक्रेटरी सुभाषभाईंच्या कमरेला.

या सुभाषभाईंबद्दल काय सांगावं? त्यांनी फाटकावर कागद चिकटवला होता की दूध, औषध आणि गरजूंना जेवण पोचवणं, या तीन कामांखेरीज कुणी बाहेर पडायचं नाही. स्वतः मात्र दिवसातून तीनदा दुधाला जात. घरात माणसं दोन. एवढ्या दुधाचं काय करतात, असं कुणी विचारलं नाही. किल्ल्या ज्याच्या कमरेला, त्याचं दूध नासत नाही.

आठवड्याभरात जनार्दनचे पाय सुजले. जिना चढताना तो मध्येच थांबून भिंतीचा रंग बघितल्यासारखं करू लागला. त्याची सून नयना हे बघत होती. तिचा नवरा गोविंद रिफायनरीत पाळीवर असायचा आणि कधी कधी दोन-दोन दिवस तिकडेच राहायचा. घरात ती, सासरा आणि अकरा महिन्यांची चारू. एका दुपारी चारूला झोपवून नयना स्टुलावर चढली आणि तिने मला खाली काढलं. पदराने धूळ पुसली. मला वाटलं, आता काहीतरी शिजणार. मी आशेने वास घेतला.

"बाबा, हा घ्या हातात," ती म्हणाली. "सुभाषभाईंना सांगा, इंदिराबाईंना डबा द्यायला चाललोय. फिरून या."

"आणि आत काय?"

"आत काही नाही. फिरायलाच तर जाताय. पण एक लक्षात ठेवा, कुणाच्या घरात शिरायचं नाही, कुणाकडून काही घ्यायचं नाही, घरी काही आणायचं नाही. घरात लेकरू आहे."

इंदिराबाई म्हणजे गोविंदच्या शाळेतल्या बाई. वय एकोणऐंशी. वीस मिनिटांच्या वाटेवर वाडीतल्या एका पोळीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. पोळ म्हणजे इथली अरुंद गल्ली, हे बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. इथल्या मराठी घरांत बाईंचं नाव घेतलं की कुणी उलट विचारत नाही. म्हणून नयनाने ते नाव घेतलं. बाई जेवल्या की नाही, हा प्रश्न तेव्हा त्या घरात कुणाच्याच डोक्यात आला नाही. मी तिथेच होतो, म्हणून सांगतो.

अशा रीतीने मला फिरायला नेण्यात आलं. ज्या डब्याने कारखान्याच्या निम्म्या खात्याची भूक भागवली, तो आता रिकाम्या पोटी हात हलवत चालला होता, एखादं कुत्रं साखळीला बांधून न्यावं तसा. भरलेला डबा चालताना शांत असतो. रिकामा डबा खुळखुळतो. फाटकापुरतं जनार्दनने मला छातीशी घट्ट धरलं, पण पुढे पावलोपावली माझी पुडं एकमेकांवर आपटत होती आणि मोकळ्या रस्त्यावर तो आवाज लांबपर्यंत जात होता. जनार्दनला त्याचं काही नव्हतं. तो खोल श्वास घेत होता. चेहऱ्यावर तर असं समाधान, की जणू खरंच कुणाला जेवू घालायला निघालाय.

दोन दिवस हे नाटक चाललं. तिसऱ्या दिवशी पोळीच्या तोंडाशी एक पोलीस खुर्ची टाकून बसला होता.

"काका, क्यां?"

"इंदिराबाईंना डबा."

"आपी आवो. हुं जोउं छुं," म्हणजे देऊन या, मी इथूनच बघतो, असं म्हणून पोलीस उठून उभाच राहिला.

मग काय करणार? जनार्दन खिडकीखाली गेला आणि त्याने हाक मारली, "बाई, डबा."

वरची खिडकी उघडली. पोळीतल्या म्हाताऱ्या बायका भाजीपाल्यासाठी दोरीला टोपली बांधून खाली सोडतात, तशी टोपली सरसरत खाली आली. जनार्दनने मला तिच्यात ठेवलं. वर जाताना मी त्याच्याकडे बघत होतो. त्याची नजर पोलिसावर होती.

बाईंनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि कडी काढली. पहिलं पूड रिकामं. दुसरं रिकामं. तिसरंही. मित्रांनो, पितळेलाही लाज असते. मला वाटलं, आता ही बाई खिडकीत जाऊन चांगली खरडपट्टी काढणार. चौतीस वर्षं शिकवलेली बाई. पण त्या पाटावर बसल्या आणि बराच वेळ माझ्या आत बघत राहिल्या.

"अरे देवा," त्या हळूच म्हणाल्या. "कारखाने बंद झाले. गोविंदाचा पगार अडकला असणार."

आणि माझ्यावरून हात फिरवत स्वतःशीच बोलल्या, "आमच्या लहानपणीही असंच असायचं. अडचण आली की लोक भांडं पाठवत. तोंडाने मागत नसत."

त्यांनी सकाळचा वरणभात केलेला होता, एका माणसापुरता. त्यातला अर्धा त्यांनी माझ्या वरच्या पुडात घातला, त्यावर तुपाची धार सोडली आणि मला टोपलीतून खाली पाठवलं. खिडकीतून एवढंच म्हणाल्या, "जनार्दन, उद्याही आण हो. संकोच करू नकोस."

जनार्दनला काहीच कळलं नाही. कोपऱ्यावर बंद दुकानाची पायरी होती, तिथे बसून त्याने मला उघडलं तेव्हा कळलं. आता कुठलाही शहाणा प्राणी काय करील? परत जाईल, खिडकीखाली उभा राहील आणि म्हणेल, बाई, चूक झाली, मी थापा मारून फिरायला येतो. पण जनार्दन माणूस होता. परत जायचं तर पोलीस. खरं सांगायचं तर अब्रू. घरी न्यायचं तर नयनाला दिलेला शब्द. टाकून द्यायचं तर अन्नाचं पाप. बिचाऱ्याने सगळ्या बाजूंनी विचार केला आणि तो भात खाऊन टाकला. घरी जेवण तयार असताना. मग कोपऱ्यावरच्या नळाला मला विसळलं, तोंड पुसलं आणि घरी येऊन नयनाला सांगितलं, "आज छान चालणं झालं."

पाप नको म्हणून माणूस काय काय गिळतो, ते मी तेव्हा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. रिकामा वर जायचो आणि अर्धा भरून खाली यायचो. जनार्दनची सूज उतरली. तो जिना न थांबता चढू लागला. नयना फोनवर गोविंदला सांगायची, "बाबांच्या चेहऱ्यावर तेज आलंय." येणारच. दोन घरचं जेवत होता.

आणि वर काय चाललं होतं, ते फक्त मला दिसत होतं. पहिल्या आठवड्यात वरणभात आणि तूप. मग तूप गेलं. मग वरण पातळ झालं. किराणावाला पोळीच्या ज्या बाजूने यायचा, तिकडे बांबू बांधून रस्ता बंद केलेला. स्वयंपाकाला येणारी बाई येईनाशी झाली होती. पुतण्या पुण्याला. फोन होता, पण बाई फोनवर विचारायच्या फक्त दुसऱ्यांची खुशाली. पहिल्यांदा अर्धं माझ्यात आणि अर्धं त्यांच्या ताटात पडायचं. पुढे माझ्यातलं अर्धं तेवढंच राहिलं आणि ताटातलं कमी होत गेलं. मी काय करणार होतो? कडी वाजवली. बाई म्हणाल्या, "किती खिळखिळा झालाय रे बिचारा."

इकडे जनार्दन पायरीवर बसून घास घेता घेता म्हणायचा, "बाई हल्ली डाळ घालायला विसरतात."

हे मी कानांनी ऐकलं आहे. डब्याला दोन कान असतात, तुम्ही बघितलेच असतील.

विसाव्या दिवशी बाईंनी तांदळाच्या डब्यात वाटी घातली तेव्हा ती तळाला खरवडली. तो आवाज मी ओळखतो, भांड्याला भांड्याचा आवाज कळतो. त्यांनी डबा उपडा करून वर थापट्या मारल्या. निघाला तेवढा भात शिजवला, मीठ घातलं आणि सगळाच्या सगळा मला दिला. वरची पेज स्वतः प्यायल्या. खिडकीतून म्हणाल्या, "जनार्दन, आज थोडा कमी आहे. पोरीला आधी दे हो."

पोरीला म्हणजे चारूला. जनार्दनने मान हलवली.

त्या दिवशी कोपऱ्यावर पोलिसांची गाडी उभी होती. जनार्दन पायरीवर टेकणार, तोच आतून आवाज आला, "काका, बेसवानुं नहीं. घेर जाओ." त्याला बसता आलं नाही, खाता आलं नाही, नळही मिळाला नाही. मला तसाच भरलेला घेऊन तो सोसायटीच्या फाटकाशी आला, आणि फाटकात सुभाषभाई तिसऱ्या दुधाला निघाले होते.

माझा आवाज बदलला होता. रोज खुळखुळत येणारा डबा आज मुकाट आला, हे सुभाषभाईंच्या कानाने बरोबर टिपलं. तेवढा एक गुण त्या माणसात होता.

"काका, डबो खोलो."

"कशाला?"

"खोलो ने."

कडी निघाली. भात दिसला. सुभाषभाईंचा चेहरा उजळला. वीस दिवस ज्याची वाट बघत होते ते सापडलं होतं. त्यांनी आवाज चढवून सात बिऱ्हाडांना ऐकू जाईल असं सांगितलं, "बघा, बघा. डबा भरलेलाच परत आला. द्यायला जातच नाहीत, नुसते फिरतात. काका, उद्या सकाळपासून तुमचं बाहेर जाणं बंद."

मित्रांनो, न्याय बघा. वीस दिवस रिकामा फिरलो तेव्हा जनार्दन परोपकारी होता. भरून आलो त्या दिवशी लबाड ठरला.

खिडक्या उघडल्या. नयना चारूला कडेवर घेऊन खाली आली. तिने माझ्यात बघितलं. मग वाकून वास घेतला.

"बाबा, हा भात आपला नाही."

जनार्दन माझं झाकण लावायला गेला.

"यात हळद नाही, डाळ नाही, तेलाचा थेंब नाही. कुणाचा आहे हा?"

"बाईंचा," तो म्हणाला.

"बाई तुम्हाला का देतील?"

त्याने खाली बघितलं. "मी रिकामा नेतो. त्या रिकामा परत देत नाहीत."

चारू माझ्या कडीशी खेळत होती. नयनाने हिशेब लावायला फार वेळ घेतला नाही. ज्या घरात रोज शिजतं, तिथल्या बाईला नुसता भात बघून पलीकडच्या घराचे रिकामे डबे दिसतात.

"किती दिवस?"

"आज अठरावा."

"आणि तुम्ही खाल्लंत."

"टाकवेना गं."

नयना वर गेली. पोळ्या, बटाट्याची भाजी, वरण, भात, जे होतं ते सगळं तिने माझ्यात भरलं. एका पिशवीत तांदूळ, डाळ, गूळ आणि तेलाची बाटली घातली. खाली येऊन ती सुभाषभाईंना म्हणाली, "फाटक उघडा. बाईंनी आज काही खाल्लेलं नाही. तुमच्या कागदावर गरजूंना जेवण लिहिलंय ना?"

"पण काकांना तर मी..."

"मग तुम्ही चला बरोबर."

आणि सुभाषभाई निघाले, एका शब्दावर. तुम्हाला वाटेल, त्यांचं मन द्रवलं. मला नाही वाटत. त्यांच्या पायांना चालण्याची इतकी खाज होती, की दुधाच्या पिशवीपेक्षा लांबचं कारण मिळालं म्हणून ते खूश होते. एप्रिलच्या उन्हात दोघं निघाले. जनार्दनची ती दुसरी फेरी. छातीवर हात होता, पण तो थांबला नाही. एका हातात मी, जड. दुसऱ्या हातात पिशवी, तीही जड. सुभाषभाईंनी वाटेत पिशवी मागितली, त्याने दिली नाही.

मी वर गेलो, मागोमाग पिशवी आली. बाईंनी कडी काढली, पुडं एकेक करून बाजूला ठेवली आणि पदराने डोळे टिपले. मग खिडकीत येऊन विचारलं, "जनार्दन, झाला का रे गोविंदाचा पगार?"

मला वाटलं, आता तरी हा माणूस तोंड उघडेल. जनार्दन चपलांकडे बघत राहिला. शेजारी सुभाषभाई उभे होते, ज्यांना सगळं ठाऊक होतं आणि ज्यांचं तोंड कधी बंद नसतं. तेही खालीच बघत होते.

"हो बाई, झाला."

"बरं झालं. मला फार काळजी लागली होती. पोर उपाशी राहील म्हणून."

मी खाली आलो तेव्हा माझ्या तळाशी दोन लवंगा होत्या. साखर संपली होती. घरात स्वतःचं असं दुसरं काही उरलं नव्हतं, पण डबा रिकामा द्यायचा नव्हता.

पुढचे दोन महिने सात बिऱ्हाडांनी पाळ्या लावल्या. थेपले गेले, खिचडी गेली, शिरा गेला. माझी कल्हई उडालेली, म्हणून आंबट कढीच्या दिवशी नयना आत स्टीलची वाटी बसवायची. मला ते आवडलं नाही, पण बरोबर होतं. पाळीसाठी भांडणं झाली. एकेक जण तुझा वार मला दे म्हणून मागे लागायचा. वीस मिनिटांच्या वाटेला सुभाषभाई सव्वा तास घ्यायचे. याला दया म्हणायचं का? म्हणा. मी पायांची खाज म्हणतो. बाईंच्या ताटात मात्र दोन्ही वेळचं पडत होतं.

आणि जूनमध्ये कुलूप निघालं. त्या सकाळी सोसायटीतून एकेक जण हात हलवत बाहेर पडला, कुणी हरणी गावाच्या रस्त्याला, कुणी आणखी कुठे. हात मोकळे. कारण लागत नव्हतं, म्हणून डबाही लागत नव्हता. जनार्दनही नवे बूट घालून हरणीला गेला. मी ओट्यावर भरलेला बसून होतो. नयनाने पाळीच्या घराची कडी वाजवली, तर आत कुणी नव्हतं. अकरा वाजले. सव्वाअकरा.

नयनाने चारूला चपला घातल्या, मला उचललं आणि ती निघाली. चारू बंद घरातच चालायला शिकली होती. रस्ता तिने कडेवरूनच पाहिला होता. चार पावलं टाकली की ती खाली बसायची, खडा उचलून आईला दाखवायची आणि पुन्हा उठायची. वीस मिनिटांच्या वाटेला आम्हाला एक तास लागला. तो तास मला लांब वाटला नाही, एवढं कबूल करतो.

बाईंच्या खिडकीखाली टोपली आधीच सोडलेली होती. कधीपासून लोंबत होती, कुणास ठाऊक. नयना वर बघून काही बोलणार, तेवढ्यात मागून धापा टाकत जनार्दन आला. घरी ओटा रिकामा बघून तो तसाच वळला होता. त्याने नयनाच्या हातून मला घेतलं आणि टोपलीत ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून हरणीचा रस्ता सुटला. अजूनही तो रोज अकराला मला घेऊन निघतो. डॉक्टर म्हणतात, छाती ठणठणीत आहे.

त्या वाईट दिवसांत आपण जनार्दनचं घर जगवलं, असं इंदिराबाईंना वाटतं. कुणी त्यांना खरं सांगितलेलं नाही. मला विचाराल तर त्यात खोटं काही नाही.

मित्रांनो, रोज चाला. पायांना बरं असतं. पण हातात डबा घेऊन निघालात, तर आत काहीतरी असू द्या. रिकामा डबा तुम्हाला हलका लागत असेल, पण तो दोरीने वर ओढून घेणाऱ्याला तसा लागत नाही. आणि माझ्यासाठी काही करावंसं वाटलंच, तर एखादा कल्हईवाला शोधून आणा. इंदिराबाईंना कढी आवडते.